धुऱ्यावर जाळता, ते टिनाखाली लावा!

तुराटी, गव्हांडा, तट्टा आणि माती : उन्हाळ्यात घर थंड ठेवणारा घरचाच माल

एप्रिल लागला की वरूड, मोर्शी, चांदूरबाजार या पट्ट्यात दोन गोष्टी एकाच वेळी नजरेस पडतात. शेतात धुऱ्यावर तुराटी-पऱ्हाटीचे ढीग पेटलेले असतात, आणि गावात टिनाच्या घरातली माणसे घर सोडून निंबाच्या सावलीला बसलेली असतात. म्हातारी माणसे, बाळंतीण, पाळण्यातले लेकरू यांना तर जागाच नसते. "घरात बसनं होत नाही भाऊ, वरून भट्टीच लागते," हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मात्र कोणी बोलत नाही. जो माल आपण धुऱ्यावर जाळून टाकतो, त्याच मालात ही भट्टी विझवण्याचा गुण आहे. तो कसा आणि वापरताना काळजी कोणती घ्यायची, याचा हा विचार.

आपल्या वऱ्हाडातले ऊन काही साधे नाही. मे २०२० च्या अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. हे झाले सावलीतले तापमान. भर दुपारी टिनाचा पत्रा स्वतः ६० अंशांच्या पुढे तापतो. पत्रा जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात उष्णता अडवण्याची काहीच ताकद नाही. वरून घेतलेली सगळी धग तो खाली खाटेवर झोपलेल्या माणसाच्या अंगावर फेकतो. पंखा लावला तर तीच गरम हवा फिरते.

कवेलू गेले, टिन आले

आपल्या जुन्या घरांचा विचार करा. कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर कवेलू किंवा मातीचे धाबे. कुडाची भिंत म्हणजे तरी काय? बांबूच्या किंवा लाकडाच्या सांगाड्याला उभी तुराटी बांधायची आणि दोन्ही अंगांनी माती लिंपायची. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जात असे. दर वर्षी कवेलू फेरावे लागत, माकडे फोडत, पावसात गळती लागे. हा त्रास खराच होता. म्हणून लोकांनी टिन आणले, पुढे ज्यांना जमले त्यांनी स्लॅब टाकला. त्यात चूक काही नाही. पण कवेलू आणि धाबे गेले तेव्हा त्यांच्यासोबत ऊन अडवणारा थरही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा थर आपण घातलाच नाही.

स्लॅबचे दुखणे वेगळे आहे. स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्री उशिरापर्यंत ती घरात सोडत राहतो. म्हणून टिनाचे घर दुपारी छळते, तर स्लॅबचे घर रात्री झोपू देत नाही. दोघांचा उपायही त्यामुळे वेगवेगळा आहे. तो पुढे पाहू.

बर्फाच्या लादीची गोष्ट

गवत-काडीने ऊन कसे अडते, हे समजायला मोठ्या पुस्तकाची गरज नाही. बर्फ विकणारा लादीवर लाकडाचा भुसा पसरतो आणि वरून बारदाना टाकतो. भुसा काही थंड नसतो. पण बाहेरची उष्णता तो आत जाऊ देत नाही. धनगराची घोंगडी थंडीत अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि दुपारच्या उन्हात तीच डोक्यावर घेतली तर ऊन लागू देत नाही. दोन्ही ठिकाणी काम करते ती तंतूंमध्ये अडकून बसलेली हवा. हवा मोकळी फिरली तर उष्णता वाहून नेते, पण बारीक बारीक पोकळ्यांत कोंडली गेली की उष्णतेची वाट अडवून धरते.

गव्हांडा, तणस, तुराटीचा चुरा, कापूस, लोकर, नारळाचा काथ्या, अंबाडीचा वाख या साऱ्यांत हाच गुण आहे. मोजमापात सांगायचे तर नीट दाबलेल्या कोरड्या गव्हांड्याचा १ इंचाचा थर जितकी उष्णता अडवतो, तितकी अडवायला विटांची १० ते १२ इंच भिंत लागते, आणि काँक्रीट तर २० इंचांच्या पुढे. ३ इंचांचा थर घातला तर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो टाळला पाहिजे. कुलरच्या ताट्यातली खस किंवा लाकडाचा कीस पाण्याने भिजवावा लागतो, कारण कुलर पाण्याच्या वाफेने हवा थंड करतो. ते पाहून काही जण छपरावर टाकलेल्या गवतावरही पाणी मारतात. वरचे पाणी वाळेपर्यंत थोडे बरे वाटते. पण उष्णता अडवणारा थर कोरडाच हवा. हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीस-पंचवीस पटीने जास्त जाते. थर भिजला की त्याचा गुण गेला, वर कुजणे आणि वाळवी आली.

पाण्याचा मुद्दा आपल्या भागाला आणखी एका कारणाने लागू आहे. संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल खोल गेले आणि भूजलाच्या मोजणीत वरूड, मोर्शी ही नावे अतिशोषित तालुक्यांत आली. कुलर दिवसाकाठी दोन-तीन घागरी पाणी सहज पितो. ज्या घरात पिण्याचे पाणी उन्हाळ्यात डोक्यावरून येते, तिथे कुलरचे पाणी कोणी भरायचे? घरातली बाईच भरते. बिनपाण्याचा, बिनविजेचा उपाय आधी करावा तो यासाठी. तो केल्यावर कुलर लावलाच, तरी कमी वेळ चालवून भागते.

हे नवे नाही, परदेशातलेही नाही

"गवताचे घर म्हणजे गरिबीचे लक्षण" असे मनात असेल तर ते काढून टाका. अमेरिकेतल्या नेब्रास्का प्रांतात लाकूड मिळेना, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाबलेल्या गवताच्या गठ्ठ्यांची घरे बांधली. तिथल्या आर्थर गावी १९२८ साली अशा गठ्ठ्यांच्या भिंतींचे चर्च उभे राहिले, आणि ती इमारत आजही टिकून आहे. दोन्ही अंगांनी चांगला गिलावा आणि भिंत कोरडी राहील याची काळजी, एवढेच तिचे गुपित.

आपल्या शेजारीच पाहा. गांधीजी १९३६ साली वर्धा जिल्ह्यातल्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा जवळपास मिळणाऱ्या मालातच घर उभे करायचा त्यांचा आग्रह होता. माती, बांबू आणि कवेलू यांच्या त्या कुट्या आजही उभ्या आहेत. मे महिन्यात आश्रमाला गेलात तर कुटीत दहा मिनिटे बसून पाहा. पुढे १९७६ साली डॉ. देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. स्थानिक मालाची, स्वस्त आणि पक्की घरे हा त्या केंद्राच्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. आपल्याच जिल्ह्यात मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या लवादा गावी सुनील देशपांडे आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारले. आदिवासी कारागिरांच्या हातून बांबूच्या वस्तूंपासून घरांपर्यंत काम तिथे झाले आहे. तट्टा कसा विणायचा, बांबूला कीड लागू नये म्हणून काय करायचे, हे शिकायला दूर कुठे जायची गरज नाही.

टिनाखाली काय करायचे?

आता कामाची गोष्ट. टिनाच्या घराला सर्वांत सोपा उपाय म्हणजे आतून तट्ट्याचे सिलिंग. पद्धत अशी:

१) आधी टिनाची गळती बघा. खिळ्यांची भोके डांबर किंवा वॉशर लावून बंद करा. गळक्या टिनाखाली गवत भरले तर पैसा आणि मेहनत दोन्ही पाण्यात गेले समजा.

२) टिनापासून ७ ते ९ इंच खाली बांबू किंवा बल्ल्यांचा सांगाडा बांधून त्यावर बांबूचा तट्टा पसरा. गावात बुरूड कारागीर असेल तर त्याला काम द्या.

३) तट्ट्याची खालची बाजू, म्हणजे घरातून दिसणारी, शेणमातीने किंवा कुटार मिसळलेल्या मातीने लिंपून घ्या. हे शोभेसाठी नाही. आग लागली तर गवताला लवकर पोहोचू नये म्हणून आहे.

४) वर ३ इंच जाडीचा कोरडा गव्हांडा किंवा तुराटीचा बारीक चुरा भरा. सुटा पसरण्यापेक्षा जुन्या बारदान्यात दाबून, गादीसारखे चपटे पोते शिवून घातले तर बरे. हवा लागली तर सुटे गवत भुर्रकन पेटते, दाबलेले सावकाश जळते.

५) गवत आणि टिन यांच्यात निदान ४ इंच मोकळी जागा ठेवा. दोन्ही टोकांना हवा जायला-यायला वाट द्या आणि त्या वाटेला बारीक तारजाळी ठोका, म्हणजे टिनाखालची गरम हवा बाहेर पडेल आणि उंदीर, साप आत येणार नाहीत.

माल किती लागतो? पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली तेव्हा घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरवले गेले आणि सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साह्य ठरले. तेवढ्या, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांच्या छपराला ३ इंचांचा थर द्यायला दीड क्विंटलच्या आसपास गव्हांडा पुरतो. एवढा गव्हांडा गव्हाच्या वावरात सहज निघतो. विकत घ्यावा लागेल तो बांबू, सुतळी आणि बुरुडाची मजुरी. बाकीचे घरचेच.

भिंत आणि स्लॅब

छपरानंतर सर्वांत जास्त तापते ती पश्चिमेची भिंत. दुपारी तीननंतरचे ऊन तिच्यावर सरळ येते. विटांची भिंत असेल तर बाहेरून तिच्यापासून चार-सहा इंच सोडून तुराटीचा कूड उभा करा, मातीने लिंपा आणि वरून चुना मारा. मधली हवा ऊन अडवते. पावसाळ्यात झड लागते त्या बाजूला छपराची पाख पुढे काढलेली असावी आणि कुडाचा पाया जमिनीपासून वीतभर उंच दगडावर असावा. माती पावसाने धुऊन जाऊ नये यासाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने कुटार-मातीच्या गिलाव्यात थोडे पातळ केलेले डांबर मिसळण्याची पद्धत काढली आहे. गवताच्या छपरालाही असा लेप दिला तर पाणी आणि ठिणगी या दोन्हींपासून बचाव होतो.

स्लॅबला खालून गवत लावून फारसा उपयोग नाही, कारण वरचा स्लॅब तापतच राहतो. त्याला वरून सावली हवी. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. अहमदाबाद शहराने २०१० च्या उन्हाळ्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीमही तिथे झाली. चुन्याच्या जोडीला गच्चीवर हात-दीड हात उंचीचा तुराटीचा मांडव घातला तर स्लॅबवर ऊनच पडत नाही. मात्र तो दोराने घट्ट बांधा, आणि मृग लागण्याआधी उतरवून ठेवा. वळवाच्या वादळात उडालेला मांडव शेजाऱ्याच्या घरावर जाऊन पडायचा.

पऱ्हाटीबद्दल सावधान

आता तुम्ही म्हणाल, तुराटी ठीक, पण आमच्याकडे पऱ्हाटी ढीगभर आहे. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. ती का नाही वापरायची? इथे थांबा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले, ते कोणी विसरलेले नाही. ही अळी पऱ्हाटीला राहिलेल्या कवडी बोंडांत दडून बसते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. म्हणूनच पऱ्हाटी धुऱ्यावर किंवा घरामागे रचून ठेवू नका, असे कृषी खाते दर वर्षी सांगते. अख्खी पऱ्हाटी घरावर चढवणे म्हणजे अळीला पावसाळ्यापर्यंत कोरडे घर देणे. त्यामुळे बोंडे लागलेली पऱ्हाटी घरात वापरूच नये. ती शेतातच यंत्राने बारीक करून जमिनीत किंवा कंपोस्टमध्ये घालावी. घरासाठी तुराटी आणि गव्हांडाच बरा.

पऱ्हाटीचा दुसरा चांगला मार्ग कारखान्याचा आहे. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ साली सुरू झालेल्या, आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने पऱ्हाटीच्या चुऱ्यापासून दाबलेले बोर्ड तयार करण्याचे तंत्र विकसित केले. सिलिंग, आडभिंती, दरवाजे यांसाठी हे बोर्ड चालतात. पण त्याला चिपर, डिंकासारखी रसायने आणि गरम दाबयंत्र लागते. ते एकट्या शेतकऱ्याचे काम नाही. सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मनावर घेतले तर जमण्यासारखे आहे. आपल्याकडे जिनिंग आहेत, पऱ्हाटी आहे, गिऱ्हाईकही गावागावात आहे.

आग, कीड आणि वायर

फायदे सांगून धोके लपवणे बरे नव्हे. उन्हाळ्यात कुटाराच्या गंज्या आणि गोठे पेटल्याच्या बातम्या याच पानावर येतात. म्हणून हे नियम पाळाच.

ज्या खोलीत चूल पेटते, तिथे गवताचे सिलिंग करू नका. स्वयंपाकघर वेगळे ठेवा किंवा तेवढा भाग मोकळा सोडा. विजेची वायर गवतातून उघडी नेऊ नका. ती पाइपातून, सिलिंगच्या खालून न्या आणि बल्ब सिलिंगला चिकटून लावू नका. पंख्याचा हूक वरच्या लोखंडी अँगललाच घ्या, तट्ट्याच्या सांगाड्याला नाही.

वाळवी आणि भुंगेरा यांसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी उपयोगी आहे. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड मिसळून त्यात बांबू काही दिवस बुडवून ठेवावा आणि सावलीत वाळवावा. तुराटीवर हेच पाणी फवारून कडक वाळवता येते. याने आग लवकर पकडण्याचेही प्रमाण कमी होते. पण हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून ते आतल्या कामालाच. आणि औषध मारलेला गव्हांडा जनावरांपुढे चुकूनही टाकू नका. उरला तर वेगळा ठेवा.

बाजारात थर्माकोलचे आणि प्लॅस्टिकचे सिलिंगही मिळते. ते लावायला सोपे आहे आणि उष्णताही अडवते. पण आग लागली तर थर्माकोल वितळून खाली टपकतो आणि त्याचा धूर घातक असतो. मातीने लिंपलेला तट्टा त्या मानाने बरा, आणि त्याचा पैसा गावातच राहतो.

सरपंच आणि सचिव यांच्यासाठी

हे काम एकेका घराने करावेच, पण गावाने ठरवले तर जास्त फरक पडेल. अंगणवाडीवर टिन आहे का? शाळेच्या कोणत्या खोलीत दुपारी मुलांना बसवत नाही? आरोग्य उपकेंद्रात बाळंतिणीची खाट कुठे आहे? आधी या तीन ठिकाणांची पाहणी करा. ग्रामसभेत विषय घ्या. एका खोलीत तट्ट्याचे सिलिंग करा, शेजारची तशीच ठेवा आणि दोन्हींत साधे तापमापक टांगा. शाळेतल्या पोरांना दुपारी दोन वाजता रोज आकडे लिहायला सांगा. महिनाभराची ती वही ग्रामसभेत वाचली की कोणाला भाषण द्यायची गरज उरणार नाही.

नव्या घरकुलाचा पाया पडतानाच लाभार्थ्याला दोन गोष्टी सांगा. पश्चिमेला मोठी खिडकी घेऊ नका, आणि टिन टाकणार असाल तर खाली सिलिंगला जागा मिळेल इतकी भिंत उंच घ्या. भिंतीचे दोन थर वाढवायला जो खर्च येतो, तो नंतर सगळे उकलण्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

कामाचे कॅलेंडर

तुरीची मळणी झाली की सरळ, जाड तुराटी निवडून बाजूला काढा आणि पेंढ्या बांधा. गहू निघाला की पावसात न भिजलेला गव्हांडा राखून ठेवा. तट्टे आधीच विणून घ्या, कारण मार्चमध्ये बुरुडाकडे गर्दी असते. गव्हांडा हाती आला की आठवडाभर कडक उन्हात वाळवा आणि ऊन चढण्याआधी एक खोली पूर्ण करा. सगळे घर एकदम काढू नका. जिथे घरातली म्हातारी माणसे आणि लेकरे झोपतात, ती खोली पहिली. पावसाळ्यात एकदा वर चढून ओल आहे का ते पाहा, भिजलेले पोते काढून दुसरे घाला. दोन-तीन वर्षांनी गवत बदला. औषध न मारलेले जुने गवत संत्र्याच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका. तिथेही ते जमिनीतली ओल धरून ठेवील.

धुऱ्यावरच्या आगीतून हाती उरते ती मूठभर राख. त्याच काड्यांतल्या दीड क्विंटल काड्या टिनाखाली गेल्या, तर घरातल्या माणसाला भर दुपारी आपल्याच घरात पाठ टेकता येईल. यंदा काडी लावण्याआधी एवढा हिशेब जरूर करा.